मीठ न देणाऱ्या नोटा

माझी बायको म्हणते, मी प्रसादाचा पेढासुद्धा उलटून बघतो. खोटं नाही. पण त्यात माझा दोष किती आणि नोकरीचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सातारच्या सरकारी खजिन्यात मी अठ्ठावीस वर्षं नोटा पारखल्या. सकाळपासून दिवे लागेपर्यंत नोट उजेडाला धरायची, आणि जाळीपलीकडे एक माणूस ‘मी नाही त्यातला’ असा चेहरा करून उभा. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट शिकलो. खोटी नोट आणणारा बहुतेक वेळा खरंच त्यातला नसतो, आणि तरी नोट खोटीच असते. तेव्हापासून माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून दिलं. कागद बघायचा, बस्स.

पेन्शनीत निघाल्यावर छंद लागला तोही कागदाचाच, आणि तोही भलताच. लढाईतल्या कैद्यांच्या छावण्यांत चालणाऱ्या नोटा मी जमवतो. असं काही असतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. शत्रूच्या हाती सापडलेल्या शिपायांना तारेच्या कुंपणात ठेवायचे, त्यांच्याकडून काम करून घ्यायचे, आणि मजुरी म्हणून छावणीनंच छापलेल्या नोटा हातावर ठेवायचे. कुंपणातल्या दुकानात त्यावर साबण, फणी, सिगारेट मिळे. कुंपणाबाहेर त्या नोटेला कुत्रं विचारत नसे.

अशा पाच नोटा चांदा जिल्ह्याच्या जंगलात आहेत, असं मला दादारावांनी कळवलं. हे दादाराव आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून. त्यांना पोस्टाच्या तिकिटांचा नाद, त्यातून आमची नुसती पत्रओळख. पत्रात लिहिलं होतं, ‘इकडे एका माणसापाशी इटलीतल्या छावणीच्या पाच नोटा आहेत. तुम्ही स्वतः या. तुम्ही आल्याशिवाय काम होणार नाही.’ मी ‘काम’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. नोटा विकायच्या असतील तर किंमत लिहावी. किंमत लिहीत नाही आणि जंगलात बोलावतो, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं. तरी गेलो. छंद माणसाला काय करायला लावील, सांगता येत नाही.

बल्लारशा ते आलापल्ली

बल्लारशाला गाडीतून उतरलो तेव्हा फाल्गुनातलं ऊन सकाळीच पाठीवर बसलं होतं. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात चहा घेतला. मोड परत आली त्यातली अधेली मी दगडावर वाजवून बघितली, तर हॉटेलवाला गल्ल्यावरूनच ओरडला, “वाजवा ना जी, आणखी वाजवा! गाणं निघते का पाहा!” सगळे हसले. अधेली खरी निघाली. मला थोडं वाईटच वाटलं.

पैसे मी मोज्यात ठेवले होते. खिसा कापतात, पिशवी मारतात, मोज्याला कोण हात लावतोय, असा हिशेब. पण वैनगंगेपाशी बस थांबली, सगळे उतरून डोंग्यात बसले, आणि डोंगा पलीकडे काठाला लागेना. वाळूत रुतला. डोंगेवाला म्हणाला, “उतरा, गुडघाभर तर पानी हाय.” लोक धोतरं खोचून पटापट उतरले. मी बुटांसकट उतरलो, कारण बूट काढले तर मोजे दिसणार! पलीकडच्या बसमध्ये दहा-दहाच्या नोटा मांडीवर पसरून वाळवत बसायची पाळी आली. शेजारी एक शेतकरी बाई कोंबडी घेऊन बसली होती. ती बराच वेळ माझ्या मांडीकडे पाहत होती. शेवटी न राहवून तिनं विचारलं, “भाऊ, घरी छापल्या का?”

अठ्ठावीस वर्षं मी लोकांना जे विचारत आलो, ते मला कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ. फार झोंबलं. मी नोटा गोळा करून ओल्याच खिशात घातल्या.

आलापल्लीला सागवानाचा वास आधी येतो, गाव मागून दिसतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओंडके रचलेले, प्रत्येकावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का. हे बघून मात्र बरं वाटलं. शिक्का मारल्याशिवाय झाडही बाहेर सोडत नाहीत, म्हणजे इथली माणसं माझ्या जातीची.

दादाराव गोल चेहऱ्याचे, चाळिशीचे, घाईत बोलणारे. त्यांनी माझी वळकटी स्वतः उचलली तेव्हाच मी मनात म्हटलं, हा कमिशन मागणार. घरी भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याचा रस्सा होता. लाखोळी खाल्ली की पाय लुळे पडतात असं मी ऐकून होतो, म्हणून वरण बाजूला सारलं. दादारावांच्या घरच्या बाई दारातून म्हणाल्या, “खा ना भाऊ. आमचे पाय पाहा, हायेत ना जागेवर?” मग खाल्लं. वरण अप्रतिम होतं, दोनदा मागून घेतलं.

जेवणानंतर दादारावांनी केसाला बोलावलं. हा डेपोत करवतीवर काम करणारा माडिया गडी. काटक बांधा, कानशिलाशी केस पिकलेले, अंगात खाकी सदरा, कोपरावर ठिगळ. आला तो टाचा जुळवून सरळ उभा राहिला.

“केसा लढाईत गेलता,” दादाराव म्हणाले. “आफ्रिकेत पकडल्या गेला, मंग इटलीच्या छावनीत दोन वर्सं. नोटा याच्यापाशीच हायेत.”

“दाखव,” मी म्हणालो.

“यहाँ नहीं, साब,” केसा लष्करी हिंदीत म्हणाला. “गाँव में दिखाऊँगा. सबके सामने.”

“का? इथं काय बिघडतं?”

 दादाराव खिडकीबाहेर बघू लागले. माल दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाला लांब न्यायचं, म्हणजे परतीची वाट त्याच्याच हातात, ही चाल मला नवी नव्हती. मी पैसे पुन्हा मोज्यात घातले.

येरंगुड्याची वाट

दुसऱ्या दिवशी पहाटेच बैलगाडी केसाच्या गावाकडे, येरंगुड्याला निघाली. वाट सगळी मोहाच्या झाडांखालून. बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या, खाली जमीन पिवळीधमक, आणि वास असा गोड की पोटात भूक आणि डोळ्यांवर झोप एकदमच यावी. आमच्याकडे झाडाखाली एवढं पडलं असतं तर भाऊबंदकी लागली असती. इथं मात्र ज्याचं झाड त्यालाच फुलं, कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली वाकत नाही. मी दादारावांना म्हटलं, “राखण नाही, कुंपण नाही, कुणी रात्री येऊन वेचत नसेल कशावरून?” दादाराव म्हणाले, “वेचत नाई जी.” एवढंच. जणू मी सूर्य पश्चिमेला का उगवत नाही असं विचारलं होतं.

केसा गाडीच्या पुढं पायी चालत होता. कमरेला झाकण लावलेली बांबूची नळी होती. नोटा त्यात असणार हे मी ताडलं, आणि सगळी वाट नळीवरून नजर हलवली नाही.

गाव दिसायच्या अलीकडे वाटेशेजारी उभ्या दगडांची रांग लागली. काही माणसाएवढे, काही गुडघ्याएवढे. जवळ बाजा उलट्या टाकलेल्या. झाडांवर लुगडी, टोप्या, एक छत्री, तुंबे, मडकी टांगलेली, आणि प्रत्येक मडक्याला मुद्दाम पाडलेलं भोक.

“हे मेलेल्या मानसाचे दगड,” दादाराव म्हणाले. “मानूस गेला का त्याचा दगड उभा करतेत आन त्याच्या वस्तू इथी आनून ठेवतेत. मोडून ठेवतेत, म्हंजे त्या त्याच्यासंगं जातेत.”

“छत्री चांगली दिसतेय. कुणी नेत नाही?”

“एकदा इथी ठेवलं का ठेवलं. मंग कोनीच हात लावत नाई. ठेवनारा बी नाई.”

रांगेच्या शेवटी एक दगड आडवाच पडला होता. त्यावर शेवाळ चढलेलं. केसा त्या दगडापाशी थांबला आणि वाटेच्या कडेला उकिडवा बसला. गाडी पुढं निघाली तरी तो उठेना.

“हा येत नाही?”

दादारावांनी बैल थांबवले. मान खाली घालून म्हणाले, “भाऊ, आता खोटं नाई बोलत. नोटा विकाच्या नाई हायेत. तुमाले साक्षीले आनलं.”

माझं डोकंच फिरलं. चारशे मैल आलो तो साक्षीला? मी म्हटलं, “गाडी वळवा.” पण दादाराव बोलतच राहिले, आणि ते जे बोलले ते असं.

केसा आणि लालसू एकाच दिवशी या गावातून लढाईला गेले. परत आला एकटा केसा. लालसू तिकडच्या थंडीत खोकून खोकून गेला, असं त्यानं सांगितलं आणि त्याच्या मजुरीच्या पाच नोटा आईपुढं ठेवल्या. प्रेत नाही तर निदान मेलेल्याची एखादी वस्तू हवी, तिच्याशिवाय दगड उभा होत नाही. सरकारचा कागद आला असेल तर तो कुठल्या कचेरीत पडला देव जाणे, गावाला पोस्टच नव्हतं. मग गावच्या पुजाऱ्यानं, त्याला पेरमा म्हणतात, नोटांची परीक्षा घेतली. त्यातली एक घेऊन तो आलापल्लीच्या बाजारात गेला आणि मीठ मागितलं. वाण्यानं नोट फेकून दिली. पेरमा ती उचलून परत आला आणि म्हणाला, ज्या कागदाला मूठभर मीठ मिळत नाही ती मजुरी कसली? मजुरी खोटी तर मरणही खोटं. यानं लालसूला मारलं, नाहीतर कुठंतरी टाकून आला.

“तवापासून आठ वर्सं झाले,” दादाराव म्हणाले. “केसाले गावात कोनी पानी देत नाई. लालसूच्या मायनं नोटेले हात नाई लावला. दगड आडवाच हाय. म्या समजावून थकलो, तं मनतेत तू केसाचा दोस्त. मनून मनलं, कोनी परका मानूस आनावं. नोटाच पारखनारा.”

“आणि मला जर त्या खोट्या वाटल्या तर?”

“तं तसं सांगा,” दादाराव म्हणाले.  “पन पाहून सांगा.”

येरंगुडा

चिंचेखाली सगळं गाव जमलं. मला बाज दिली, पानाच्या द्रोणात आंबील दिली. मी माझंच उकळलेलं पाणी प्यायलो. केसाला बोलावलं तसा तो आला, पण मंडळींपासून दहा हात लांब बसला. पेरमा म्हातारा, डोळे बारीक आणि तल्लख. माझ्याकडे तो असा बघत होता, जसा मी नोटेकडे बघतो. खरं सांगतो, मला तो माणूस आवडला. मीठ मागून नोट पारखायची, याहून सरळ परीक्षा कुठली? आमच्या खजिन्यात शोभला असता.

लालसूची आई जुरी, वाळलेली म्हातारी, सगळ्यांकडे पाठ करून मोहफुलं निवडत बसली होती.

केसानं नळी उघडून पाच नोटा माझ्या हातावर ठेवल्या, आणि मी त्यांना उजेडाला धरलं. चार नोटा एकेका लिऱ्याच्या, म्हणजे इटलीच्या रुपयाच्या, आणि एक दहाची. आकार तोच, मळकट निळा रंग तोच, फरक फक्त आकड्याचा. माझा पहिला विचार, खोट्या! कागद हलका, छपाई एकरंगी, उजेडात दिसणारी पाणखूण नाही, आणि आठ वर्षं जंगलात राहूनही घडी नाही की डाग नाही. इतकी नीटनेटकी वस्तू गरिबाच्या घरी असली की मला शंका येते. ही माझी खोड आहे, त्यात गरिबाचा काही अपराध नाही.

“यावर काय विकत घेतलंस?” मी केसाला विचारलं.

“साबुन. ब्लेड. कभी सिगरेट. हफ्ते में एक दिन दुकान खुलता था.”

“बाहेरच्या बाजारात का नाही चालवली?”

“बाहर कैसे जाएगा साब? तार था. और बाहर चलता भी नहीं था. इसीलिए तो देते थे. असली पैसा देंगे तो आदमी भाग जाएगा ना.”

हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण मी बोलण्यावर जाणारा नव्हे. माझ्याजवळ कोटाच्या अस्तरात ताडून बघायला म्हणून शिवून आणलेली एक लिऱ्याची नोट होती, नेमकी त्याच छावणीची, साताऱ्याच्या एका शिपायाकडून घेतलेली. अस्तर उसवून ती काढली आणि पाचांशेजारी ठेवली. भिंग लावलं. छावणीच्या नावातलं एक अक्षर माझ्या नोटेत खालून तुटकं आहे, ठसा झिजल्यामुळे. त्या चारही एक लिऱ्याच्या नोटांत तेच अक्षर, तिथंच तुटलेलं. दहाच्या नोटेचा ठसा वेगळा, पण पाठीमागचा जांभळा शिक्का तोच, कडेला तपकिरी पडत चाललेला. असं कुणी आलापल्लीत बसून बनवू शकत नाही. मुंबईतही नाही.

 दहाची नोट मी जन्मात पाहिली नव्हती. कुणाच्या संग्रहात असल्याचं ऐकलंही नव्हतं.

“खऱ्या आहेत,” मी म्हणालो. दादारावांनी ते माडियात सांगितलं. गर्दी हलली.

पेरमानं लगेच अडवलं. दादाराव मराठीत सांगू लागले, “पेरमा मनते, खऱ्या हायेत तं वाण्यानं मीठ काऊन नाई देल्लं?”

“बाहेर चालत नाहीत, म्हणूनच खऱ्या! बाहेर चालल्या असत्या तर त्या या छावणीच्या नसत्याच.” मी तोंडानं सांगत होतो आणि मलाच ऐकू येत होतं, की हे किती लबाडाचं बोलणं वाटतंय. जाळीपलीकडून कुणी मला असं सांगितलं असतं तर मी शिपायाला हाक मारली असती.

पेरमा हसला. लोकही हसले. केसानं डोळे मिटून घेतले.  इतकी वर्षं माझा शब्द कुणी परतवला नव्हता, आणि इथं माझ्या खऱ्यालाच कुणी खरं मानेना.

तेवढ्यात पाठमोरी बसलेली जुरी काहीतरी बोलली. सगळे तिच्याकडे वळले. दादाराव हळूच मला म्हणाले, “म्हातारी मनते, बांबूच्या ठेकेदाराची चिठ्ठी बी तं तशीच रायते. मजुरीत चिठ्ठी देते, आन ती त्याच्याच दुकानात चालते. दुसरीकडं नेली तं कोनी तमाखू बी नाई देत. मंग आपन बांबू तोडला नाई का?”

मला कधी सुचलं नसतं! गावातल्या प्रत्येकानं ती चिठ्ठी हातात धरली होती. माणसं एकमेकांत बोलू लागली.  मग पेरमानं केसाला काही विचारलं. केसा उत्तर देत होता आणि दादाराव माझ्या कानाशी सांगत होते. तारेचं कुंपण कसं होतं, दुकान कोणाचं होतं, काम काय होतं.

मग जुरी वळली. आठ वर्षांनी ती केसाशी पहिल्यांदा बोलली. तिनं एवढंच विचारलं, “त्याच्या अंगावर काय होतं?”

“माझं कांबळं,” केसा म्हणाला.

म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. आवाज न करता ती हलत होती. केसा दुसरीकडे बघत सांगू लागला, की लालसूनं दहाची नोट कधी मोडली नाही, त्याला ताप चढला तरी नाही. जाताना आईसाठी काहीतरी घेईन म्हणायचा. त्या दुकानात आईजोगतं काही मिळतच नव्हतं, तरी म्हणायचा.

एक बाई उठली आणि तुंब्यातून केसापुढं पाणी ओतू लागली. तो ओंजळ धरून किती वेळ पीत राहिला. मला तिथं बसवेना. डोळे भरून आले होते ते उन्हानं असं मी दादारावांना सांगितलं.

दगड उभा राहिला

पेरमानं दुसऱ्या दिवसाची सकाळ ठरवली. आकडे उतरवून घेतो म्हणून मी नोटा माझ्यापाशी मागितल्या. केसानं क्षणाचाही विचार न करता नळी माझ्या हातात दिली. मी त्याच्या जागी असतो तर पावती मागितली असती.

सकाळी दादाराव ओढ्यावर गेले होते. मी एकटाच बाजेवर बसून नोटा बघत होतो. झाडावरच्या मडक्यांना पाडलेली भोकं मला आठवली. या नोटांनाही काट्यानं भोक पाडणार, दोरीनं फांदीला बांधणार, आणि आषाढाची पहिली सर आली की लगदा. चारांचं ठीक. पण दहाची? जगात कदाचित एवढी एकच असेल. तिचा लगदा होऊ द्यायचा? हे पाप नव्हे का? असं मी स्वतःशी पुष्कळ बोललो. माझी एक लिऱ्याची नोट त्याच छावणीची, तितकीच खरी. खऱ्याच्या जागी खरं ठेवलं तर त्यात फसवणूक कसली? वाचता तर कुणालाच येत नाही.

हात कधी चालला ते कळलंच नाही, असं लिहिणार होतो. पण ते खोटं होईल. मला चांगलं कळत होतं. दहाची नोट मी डायरीत ठेवली आणि माझी नोट नळीत घातली. पाचाच्या पाच.

दगड उभा करायला दहा माणसं लागली. बुंध्याशी माती ठोकली, हळदीचं पाणी ओतलं, कोंबडं कापलं. ढोल वाजत होते. मग केसानं नळी उघडली, आणि एकेका नोटेला बाभळीचा काटा टोचून तो त्यातून दोरी ओवू लागला. चौथी झाली. जुरी पुढं आली आणि हात पसरून तिनं काही विचारलं. दादाराव म्हणाले, “तिच्यासाठी ठेवलेली कोनती, असं विचारून राह्यली.”

केसाच्या हातात शेवटची नोट होती. त्यानं ती पाहिली. उलटी केली, पुन्हा पाहिली. आठ वर्षं रोज काढून बघितलेली वस्तू, आकडा वाचता येत नसला म्हणून काय झालं? त्यानं मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. पेरमाही त्याच्याकडे बघत होता, सगळं गाव बघत होतं. आता हा तोंड उघडणार आणि सगळे पुन्हा म्हणणार, नोट बदलली, म्हणजे नोटा खोट्या, म्हणजे हा खोटा. 

केसानं ती नोट म्हातारीच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “ही.”

जुरीनं साताऱ्याच्या कुणा परक्या शिपायाची ती नोट गालाला लावली. किती वेळ लावून ठेवली! मग तिनंच काटा टोचला, तिनंच ती फांदीला बांधली. मी तिथं नुसता उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतात, ते मी त्या दिवशी अनुभवलं.

निघताना केसानं माझी पिशवी उचलली, डायरी त्यातच होती. गाडीपर्यंत तो माझ्यापुढं चालला. दादाराव बैल जुंपत होते. केसानं पिशवी गाडीत नीट आत, गवताखाली सरकवली आणि हलक्या आवाजात म्हणाला, “साब, पानी से बचाना.”

मी त्याचा दंड धरला. डायरी ओढून काढली, नोट त्याच्यापुढं धरली. “घे. चूक झाली माझी. चल, आत्ता जाऊन बदलू.”

त्यानं मान हलवली. “वहाँ अब हाथ नहीं लगता, साब. किसी का नहीं.”

“मग तू बोलला का नाहीस? तिथंच का नाही बोललास?”

 “कल पानी मिला ना,” तो म्हणाला. मग माझी डायरी त्यानं स्वतः मिटली, नोट आतच ठेवून, आणि सलाम न करता गावाकडे चालू लागला. वाटेत एका म्हाताऱ्यानं त्याला हाक मारली. तो तिकडे वळला आणि त्या म्हाताऱ्याच्या अंगणात शिरला.

परत येताना वैनगंगेला पाणी तेवढंच होतं. मी बूट-मोजे काढले, पैसे वळकटीत टाकले, डायरी डोक्यावर धरली आणि उतरलो. लोक हसले असतील, मी बघितलं नाही.

ही नोट माझ्याकडे आहे. अल्बमात लावलेली नाही. छंदातली माणसं येतात, बघून वेडी होतात, तोंडाला येईल ती किंमत बोलतात. मी त्यांना सांगतो, विकायची नाही. का, म्हणून विचारतात. माझी नाही, म्हणतो. मग कोणाची? एका आईची, म्हणतो, आणि मला सांभाळायला दिलीय. यातलं शेवटचं तेवढं खरं आहे की नाही, हे अजून मला पारखता आलेलं नाही.